तीन पुस्तकं, एक पोतं लोकर : बसकराच्या नोंदी

मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर घरी आणायची, धुवायची, पिंजायची, कातायची आणि विणायची, तेही फक्त पुस्तकं वाचून, असं ठरवलं होतं. गाव सातारा. आधीचा अनुभव शून्य. कुणाला असलंच काही करायचं असेल तर माझे पाच आठवडे वाया गेले तसे त्याचे जाऊ नयेत, म्हणून या नोंदी. शेवटी हाती आलं ते एक बसकर, म्हणजे खुर्चीवर घालायचं आसन.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

माणदेशात, दहिवडीच्या अलीकडे रस्त्याला लागून मेंढरं बसली होती. कातरणी नुकतीच झालेली, दिवाळीनंतर कळप कोकणाकडे उतरणार. मेंढपाळ मामांना विचारलं, लोकर विकता का? ते हसलेच. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशात निघत नाही म्हणाले. पोतंभर दिली, वजन भरलं ३ किलो. पैसे नकोच म्हणत होते, बळेच १५० रुपये दिले.

काळी, मध्येच करडी, थोडी तपकिरी. ही दख्खनी मेंढीची लोकर, घोंगडीची. बोटांत धरली की झाडूच्या काड्यांची आठवण होते. पोतं गाडीच्या डिकीत ठेवलं, तो वास अजून गेलेला नाही.

८ ऑक्टोबर

हाताशी तीन पुस्तकं आहेत.

पहिलं इंग्रजी, मित्राकडून उसनं आणलेलं, जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. लोकर धुण्यापासून कातण्यापर्यंत सगळं फोटोंसकट. दुसरी आईच्या शाळेतली सूतकताईची पुस्तिका. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हातउद्योगातून शिक्षण (मूलोद्योग) मांडलं, त्यानंतर शाळांतून टकळी, म्हणजे हातानं फिरवून सूत कातायचं छोटं साधन, आली, तिचा शेवटचा काळ आईच्या वाट्याला आला. मूलोद्योगाच्या तासाला टकळी मोडली म्हणून छड्या खाल्ल्याचं ती अजून सांगते. तिसरं आजीचं विणकामाचं मराठी पुस्तक. मुखपृष्ठ नाही, पहिली आठ पानं नाहीत, म्हणजे 'विणायला सुरुवात कशी करावी' हा भागच गायब. त्यातला एक बिनबाह्यांचा पुरुषी स्वेटर मनात भरलाय. '१० नंबरच्या सुया, चार पदरी लोकर, ८ औंस.' ८ औंस म्हणजे २२७ ग्रॅम. माझ्याकडे ३ किलो. मनात म्हटलं, तेरा स्वेटर होतील.

१२ ऑक्टोबर, दसरा

पहिला घाणा वाया.

इंग्रजी पुस्तकात लिहिलंय की लोकरीत मेणासारखा चिकट पदार्थ असतो, तो काढायला ६० अंशांचं पाणी आणि भरपूर साबण हवा. मी अर्धा किलो लोकर बादलीत घातली, गीझरचं पाणी, वर पातेलंभर उकळतं, कपड्यांची पावडर. चिकटपणा काही दिसेना, पाणी मात्र चहासारखं. मग काठीनं ढवळलं. पुन्हा ढवळलं. मग पिळलं. मग थंड पाण्यात बुचकळून पुन्हा पिळलं.

सुकल्यावर हातात आले गोळे. बोटं घालून सुटेनात. उष्णता, साबण आणि घुसळणं ही तिन्ही एकत्र आली की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकर आळते. हे त्याच पुस्तकात नव्वद पानं पुढे लिहिलेलं आहे. नव्वद पानं पुढे!

अर्धा किलो गेली. आईनं त्यातले दोन गोळे तुळशीच्या कुंडीत मातीवर पसरले, ओल टिकते म्हणाली.

२० ऑक्टोबर

दुसरा घाणा जमला. मुळात दख्खनी लोकरीत मेण फारच कमी. ते पुस्तक मेरिनो मेंढीसारख्या मेणचट लोकरीसाठी लिहिलेलं. माझ्या लोकरीत मेण नव्हतं, माणदेशाची माती, कुसळं आणि गोखरू होते. त्यासाठी उकळतं पाणी कशाला?

यावेळी केलं ते असं. ७०० ग्रॅम लोकर आधी गच्चीवर जुन्या मच्छरदाणीवर झटकली. रात्रभर साध्या गार पाण्यात बुडवून ठेवली, हात न लावता. सकाळी गाळ काढून टाकला. मग कोमट पाणी, त्यात भिजवून कुस्करलेल्या रिठ्यांचं पाणी (रिठे ६० रुपयांचे), अर्धा तास. ढवळायचं नाही, फक्त वरून दाबायचं. तीन पाण्यांतून काढली. पिळली नाही, मच्छरदाणीतच गुंडाळून टांगली. सुकून भरली ५६० ग्रॅम. म्हणजे १४० ग्रॅम नुसती माती आणि कचरा.

एक सूचना: रिठ्याचं पाणी गाळून घ्या. मी घेतलं नाही. सालींचे तुकडे अजून निघताहेत.

२६ आणि २७ ऑक्टोबर

पिंजणं. घोंगडीवाले पिंजायला तातीची, म्हणजे आतड्याच्या दोरीची, कमान वापरतात. मला ती चालवता येत नाही, आणली असती तरी तिच्या आवाजानं शेजाऱ्यांनी घरातून काढलं असतं. इंग्रजी पुस्तकातले हाताचे पिंजणब्रश महाग. त्याऐवजी कुत्र्याचे केस विंचरायचे, वाकड्या तारांचे दोन ब्रश घेतले, जोडी २८० रुपयांना. काम होतं. तासाला ५० ग्रॅमच्या आसपास. गोखरू मात्र आधी हातानं काढावे लागतात. ब्रशनं ते मोडतात आणि मग एकाचे सात होतात.

पेळू, म्हणजे कातण्यासाठी पिंजलेल्या लोकरीच्या वळकट्या, करण्यात एक दिवस गोंधळ झाला. आईच्या पुस्तिकेत कापसाचे पेळू काडीवर घट्ट गुंडाळायला सांगितलेत. मी लोकरीचे तसे केले, तर ओढताना धागाच सुटेना. माझ्या लोकरीचा तंतू ५ ते ७ सेंटीमीटर, कापसाच्या दुपटीहून लांब. घट्ट पेळूत तो अडकतो. काडी न घेता, ब्रशवरूनच सैल वळकटी करून उचलली तेव्हा जमलं.

दोन दिवसांत ११ तास. हाती ४३० ग्रॅम पेळू. उजव्या मनगटाला बाम.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आईची पितळी टकळी माळ्यावर सापडली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १८ ग्रॅम. आईनं वाटीत टोक टेकवून फिरवून दाखवली, पन्नास वर्षांनी सुद्धा तिचा हात बसलेला. पण तिनं घेतला होता कापूस. लोकर लावली तर टकळी दोन फेरे घेऊन उलटी फिरायला लागते. जाड, राठ तंतूंना पीळ देण्याएवढं वजनच तिच्यात नाही.

"अरे, ही मुलांच्या हातातली आहे," आई म्हणाली. "धनगरांच्या चात्या बघितल्यास का केवढाल्या असतात?"

मग सीडीची टकळी केली. दोन जुन्या सीडी एकावर एक, मधल्या भोकात रबरी वॉशर, त्यातून एक फुटाची गोल लाकडी काठी, वरच्या टोकाला पडद्याचा छोटा हुक. काठी ३० रुपये, हुक आणि वॉशर १०. वजन ५२ ग्रॅम. हवेत सोडून फिरवायची. पहिल्या तासात ती चौदा वेळा फरशीवर पडली, तेव्हा खाली गोधडी अंथरली. तिसऱ्या तासाला धागा तुटायचा थांबला. त्याला धागा म्हणणं हे तेव्हा धाडसच होतं. एका जागी सुतळी, पुढच्या जागी केस.

१० नोव्हेंबर

ओळखीच्या एका काकांकडून पेटी चरखा आणला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्याच्यावर खटपट केली तोच प्रकार, म्हणून येरवडा चरखा. सुंदर वस्तू. लोकरीसाठी निरुपयोगी, निदान माझ्या हातात तरी. मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चात (सुताला पीळ देणारी सळई) इतकी गरगरते की धागा ओढायच्या आत त्याला पीळ बसून तारेसारखा कडक होतो. बारीक सुताला एवढा पीळ लागतोच, जाड लोकरीला नाही. संध्याकाळी परत देऊन आलो. काका म्हणाले, "मी सांगितलंच असतं, पण तुम्ही उत्साहात होतात."

१७ नोव्हेंबर

सीडीच्या टकळीवर आता ताशी २५ मीटर धागा निघतो. पहिला नमुना विणायचा म्हणून ऑनलाइन '१०' नंबरच्या सुया मागवल्या, ३४० रुपये. आल्या त्या बोटाएवढ्या जाड! ४० टाके घातले, चार बोटं विणलं, तर मासे धरायचं जाळं.

आईनं तिच्या ॲल्युमिनियमच्या सुया आणून शेजारी ठेवल्या. त्यांच्या डोक्यावरही १० च कोरलेलं, आणि जाडी निम्म्याच्या आसपास.

उलगडा असा. आजीच्या पुस्तकातले आणि आपल्याकडच्या दुकानातले नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ म्हणजे ४, ६ म्हणजे ५. अमेरिकी पद्धत बरोबर उलटी, नंबर वाढला की सुई जाड. तिथली १० नंबर म्हणजे ६ मिलिमीटर. माझ्याकडे आलेली हीच. पाकिटावर मिलिमीटर छापलेले होते, मी बघितलेच नाहीत. तुम्ही नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

आईच्या सुयांवर पुन्हा नमुना घातला. एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट. आठ बोटं झाल्यावर चौकोनाचा पतंग झाला. कडा सरळच राहीनात, अख्खी वीण एका अंगाला कलली. वाटलं माझा हात वाकडा. आईनं विणून बघितलं, तिचाही चौकोन कलला. दोष धाग्यात होता. एकेरी धाग्यात पीळ कोंडलेला असतो, तो सुटायला बघतो आणि प्रत्येक टाक्याला आपल्याबरोबर फिरवतो. धागा अर्धा हात सैल सोडला की तो स्वतःभोवती गुंडाळून वेणी करायचा. तेव्हाच समजायला हवं होतं.

१ डिसेंबर

हा उद्योग लिहायला लाज वाटते, पण नोंद ठेवायची म्हणजे ठेवायची.

धागा पिळदार आणि केसाळ. कुठे तरी ऐकलं होतं की घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात, त्यानं केस बसतात. म्हटलं, हाच उपाय. पावशेर चिंचोके भाजले, भिजवले, सोलले, वाटले, शिजवले. लड्या खळीत बुडवल्या, ताणून टांगल्या. केस बसले. दुसऱ्या दिवशी धागा इतका कडक की सुईवर वळवला की तसाच उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी मुंग्या.

मामांना फोन केला. त्यांना आधी ऐकू नीट गेलं नसावं, मग एकदम हसायला लागले.

"आवं दादा, ती खळ ताण्याला, उभ्या सुताला! मागावर ताण बसतो, सूत तुटू नये म्हणून लावत्यात. घोंगडी वापरताना निघूनच जाती ती. तुमी इनायच्या सुताला कशापायी लावली?"

कोमट पाण्यात तीनदा भिजवून खळ काढली. चार दिवस गेले. मुंग्या त्याहून जास्त दिवस राहिल्या.

८ डिसेंबर

आजीचं पुस्तक म्हणतं चार पदरी लोकर. एकेरी धागा कलतो हे तर दिसलंच होतं. तेव्हा चार धागे घेतले, चार तपेल्यांत चार गुंडे ठेवले (गुंडे फरशीवर पळू नयेत म्हणून) आणि एकत्र पिळले. पहिला प्रयत्न लगेच फसला, कारण कातताना टकळी उजवीकडे फिरवली होती आणि पदर पिळतानाही उजवीकडेच फिरवली. पीळ पिळावर चढला, स्प्रिंग तयार झाली. पदर घालताना टकळी उलटी फिरवायची. मग पदरांचा पीळ धाग्यातला थोडा पीळ सोडवतो आणि दोन्ही एकमेकांना धरून शांत बसतात.

उलट फिरवून पुन्हा केलं. चार पदरी लोकर तयार. आईनं हातात घेतली, खालीवर बघितली. "बैलाला दावं करतोयस का?"

खरंच दावंच होतं, करंगळीएवढं जाड. रात्री पुस्तक पुन्हा उघडलं. स्वेटरच्या कृतीत इंचाला ७ टाके यायला हवेत असं लिहिलेलं. या दाव्याचे इंचाला दोन येतील. विणकामाच्या पुस्तकातलं 'चार पदरी' हे जाडीचं नाव आहे. गिरणीत ठराविक बारीक सूत चार पदरी पिळलं की जी जाडी येते, ती चार पदरी लोकर. पुढे ते बाजारातलं मापच झालं, आत पदर किती ते कुणी मोजत नाही. माझा एक पदरच त्यांच्या अख्ख्या चार पदरी लोकरीपेक्षा जाड. मी नावाला पाककृती समजलो.

१२० ग्रॅम लोकर दाव्यात गेली. ते आता बाल्कनीत मनीप्लांटला बांधलंय, भक्कम आहे.

१५ डिसेंबर

स्वेटर रद्द.

दाव्यातून काढता आलं नाही ते सोडून उरलेल्या धाग्याचे दोन दोन पदर पिळले. ते छान बसलं. कललं नाही, वेणी झाली नाही. वीतभर पट्टी विणून गळ्याभोवती गुंडाळली आणि कामाला गेलो. अकरा वाजेपर्यंत मान लाल. मऊ मेरिनोचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास असतो, दख्खनीचा जवळजवळ दुप्पट जाड. जाड तंतूचं टोक कातडीवर वाकत नाही, टोचतं. कितीही धुतलं, तेल लावलं, तरी हे बदलणार नाही. घोंगडी लोक अंगावर घेतात, पण कपड्यांवरून. तिचा धर्म पाऊस-वाऱ्याला अडवण्याचा, गालाला लागण्याचा नाही.

मग करायचं काय? आई म्हणाली, "बसकर कर. आमच्या आजोळी घोंगडीचीच बसकरं होती." हे तिनं ऑक्टोबरात का नाही सांगितलं, असं विचारलं. "तू कुठं विचारलंस?"

२९ डिसेंबर

आता कोणत्याही पुस्तकातला आकडा घ्यायचा नाही, आपला धागा मोजायचा.

दोन पदरी धागा पट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळला. इंचात ७ वेढे बसले, म्हणजे चांगलाच जाड. कोमट पाण्यात भिजवून, झटकून, लड्या वजन न लावता सुकवल्या. वजन लावलं तर धागा ताणलेलाच सुकतो आणि विणल्यावर आखडतो, हा सल्ला इंग्रजी पुस्तकातला, आणि तो खरा निघाला. पुस्तकाला शिव्या बऱ्याच घातल्या, तेव्हा हेही लिहितो.

सुया? त्याच, चुकून आलेल्या ६ मिलिमीटरच्या! या जाडीला नेमक्या त्याच लागतात. ३४० रुपये वसूल. नमुना घातला २० टाक्यांचा, दोन्ही बाजूंनी सुलटच सुलट, म्हणजे कडा वळत नाहीत. इंचाला सव्वातीन टाके आले. खुर्चीवरचं बसकर १८ इंच हवं. हिशेबानं साडेअठ्ठावन्न, घातले ५८.

आजीच्या पुस्तकातली टाके घालायची पानंच नाहीत, तेव्हा आईनं अंगठ्यावरून घालायला शिकवले. तिची एक सूचना इथे लिहितो: पहिली ओळ सैल हवी, नाहीतर खालची कड आत ओढली जाते. मी तीनदा घातले, तिसऱ्यांदा तिनं मान डोलावली. 'दोन्ही सुया एकत्र धरून त्यावर टाके घाल, मग एक सुई ओढून घे,' या तिच्या युक्तीनं प्रश्नच सुटला.

१२ जानेवारी २०२५

बसकर पूर्ण. ११७ सुया, शेवटी टाके सैल हातानं बंद केले. वजन १७५ ग्रॅम, धागा १६५ मीटरच्या आसपास.

मध्ये दोनदा उसवावं लागलं. एकदा ४१ व्या सुईला टाके ५८ चे ६१ झाले होते. सुईच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे गेला की पहिल्या टाक्याचे दोन पाय दिसतात आणि आपण दोन्ही विणतो. दर दहा सुयांनी टाके मोजायचे ही सवय त्यानंतर लागली. दुसऱ्यांदा दोष माझा नाही, मांजराचा.

वेळेचा हिशेब वहीत मांडलाय. धुणं सोडून पिंजण ११ तास, या बसकरापुरतं कातणं साधारण १४, पदर घालणं ३, विणणं ८. फसलेले प्रयोग धरले तर आकडा दुप्पट. पैसे ८७० रुपये, पेट्रोल वेगळं. बाजारात घोंगडीचं तयार बसकर मिळतं आणि ते माझ्याहून सरळ असतं, हे आईनं न विचारता सांगितलं.

पोत्यात उरलेली लोकर उघडली तर तळाशी कसर. बारीक पांढऱ्या अळ्या. धुवायची राहिलेली लोकर तीन महिने बंद पोत्यात ठेवायला नको होती. १ किलो ८०० ग्रॅम उरलेली, त्यातली निम्मी टाकली. बाकीची दोन दिवस कडक उन्हात पसरली, झटकली, धुतली आणि कडुनिंबाचा पाला घालून सुती पिशवीत भरली. पाल्यावर माझा फार भरवसा नाही, म्हणून दर रविवारी उघडून बघतो.

२६ जानेवारी

बसकरावर चहा सांडला. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतलं, पिळलं नाही, सपाट सुकवलं. सुकल्यावर मोजलं तर १८ चं साडेसोळा इंच. नमुना विणून मोजला होता, पण धुऊन सुकवून मोजला नव्हता. वीण मात्र दाट झाली, बसायला जास्त बरी वाटते. फक्त खुर्चीच्या दोन्ही बाजूंना लाकूड दिसतं.

आई म्हणते, देवापुढे पाटावर चालेल, पाट लहान आहे. तिथे गेलं.

दुसऱ्या बसकराला ६४ टाके घातलेत. सध्या अकराव्या सुईवर आहे, टाके अजून ६४ च आहेत.